सोलापूरहून पेरूला: आधी खाली झोपा, मग वर चढा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे. पेरूची राजधानी लिमा तर समुद्रकाठीच वसलेली. तिथून सुटलेलं विमान सव्वा तासात कुस्कोला ३,३०० मीटरवरच्या धावपट्टीवर उतरतं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटरचं. त्याच्या दुप्पट उंचीवर इथे बॅगांचा पट्टा फिरत असतो, आणि बॅग उचलायला वाकलं की डोकं गरगरतं. पेरूची सहल बिघडते ती बहुधा इथेच. पहिल्या दिवशी दुपारी 'कुस्को शहर दर्शन' आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठून पाच हजार मीटरवरचा रंगीत डोंगर, असा बेत पॅकेजांत सर्रास दिसतो. नकाशावर तो सोयीचा वाटतो. शरीराला मुळीच सोयीचा नसतो.

कुस्को शहर ३,४०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे एका श्वासात समुद्रकाठी मिळतो त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. रोज पळणाऱ्या माणसालाही यातून सूट नाही. पंचविशीतला पोरगा आडवा होतो आणि साठीची मावशी निवांत फिरते, असंही होतं. म्हणून आधी मुक्कामांचा क्रम ठरवा, बाकीचं त्यामागून.

मुक्कामांचा क्रम

लिमाला एक रात्र काढा. भारतापेक्षा पेरूचं घड्याळ साडेदहा तास मागे आहे, त्यामुळे पहिली रात्र तशीही धड झोपेची नसते. दुसऱ्या दिवशी सकाळचं कुस्कोचं विमान घ्या. दुपारी वारा वाढतो आणि उड्डाणं रखडतात. कुस्कोला उतरलात की शहरात मुक्काम करू नका. बाहेर गाडी ठरवून तडक उरुबांबा नदीच्या 'पवित्र खोऱ्यात' उतरा. उरुबांबा २,८७० मीटरवर आहे, ओयांतायतांबो २,८०० च्या आत. रस्ता दीड-दोन तासांचा. वाटेत चिंचेरोपाशी गाडी ३,७०० मीटरच्या वर चढते, पण थोडा वेळ वरून जाण्याने बिघडत नाही. महत्त्वाचं असतं ते झोपता कुठे.

खोऱ्यात दोन रात्री. पहिला दिवस नुसता पाणी पिण्याचा आणि गल्लीत फेरी मारण्याचा. दुसऱ्या दिवशी ओयांतायतांबोचा किल्ला हळूहळू चढा, जमलं तर मोरायची वर्तुळाकार शेतं आणि मारासची मिठागरं बघा. ही मिठागरं समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत डोंगरउतारावर आहेत. खाऱ्या झऱ्याचं पाणी पाटाने हजारो लहान वाफ्यांत सोडतात आणि वाळवतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आगगाडीने आग्वास काल्येंतेस, म्हणजे माचू पिच्चू या इंका लोकांच्या जुन्या डोंगरी नगरीच्या पायथ्याचं गाव गाठा. हे आणखी खाली, २,०४० मीटरवर. चौथ्या दिवशी सकाळी माचू पिच्चू, २,४३० मीटर. पुष्कळांना वाटतं की माचू पिच्चू म्हणजे सगळ्यात उंच ठिकाण. ते कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटरने खाली आहे, म्हणून ते आधीच उरकायचं.

मग कुस्कोला या आणि तीन रात्री राहा. तोवर शरीर बऱ्यापैकी रुळलेलं असतं. विनिकुंका हा रंगीत डोंगर करायचाच असेल तर कुस्कोतल्या तिसऱ्या दिवशी, त्याआधी नाही. त्याची वरची जागा ५,००० मीटरच्या पुढे आहे. तितिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर. तिथे जायचं तर कुस्कोनंतर जा, आणि बस ला राया खिंडीत ४,३०० मीटरवर थांबते तेव्हा खाली उतरून पळापळ करू नका.

ॲमेझॉनचं जंगल शेवटी ठेवा. तिथे ज्या शहरातून जातात ते पुएर्तो माल्दोनादो २०० मीटरच्या आसपास आहे. ते आधी केलं तर तिथून कुस्को म्हणजे पुन्हा तीच उडी. शेवटी केलं तर उतारच उतार, शिवाय चिखलाने भरलेले, न वाळलेले कपडे पुढे वागवावे लागत नाहीत. जंगलानंतर लिमाला परतीच्या विमानाआधी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. पावसाने विमान रद्द होतं, आणि 'पारो' म्हणजे संप पुकारला की रस्ते आणि रूळ दोन्ही अडवले जातात. २०२३ च्या जानेवारीत आंदोलनामुळे माचू पिच्चू काही आठवडे बंदच होतं. एकूण सोळा-सतरा दिवस हाताशी असू द्या. दहा दिवसांत बसवायचं तर जंगल किंवा कुस्कोच्या पुढचं, यातलं एक सोडा. झोपेच्या रात्री कापू नका.

कधी जायचं

अँडीजमध्ये मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो आणि नोव्हेंबर ते मार्च पाऊस. त्यातही जानेवारी-फेब्रुवारी वाईट. गड्ड्याची यात्रा आटोपली की निघू, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तेव्हा रेल्वेमार्गावर दरडी कोसळतात, आणि माचू पिच्चूला चालत नेणारी इंका पायवाट तर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी दरवर्षी बंदच असते. सोलापूरकरांना सोयीचा काळ मेच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा: शाळांना सुट्टी, तिकडे आकाश मोकळं. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी हा सूर्याचा उत्सव असतो, त्या आठवड्यात खोल्या महाग होतात आणि मिळतही नाहीत. दिवाळीची सुट्टीही चालेल, पण रेनकोट बरोबर ठेवून.

मेमध्ये सोलापुरात ४३-४४ अंश सोसून निघालेला माणूस थंडीची तयारी करायला विसरतो. कुस्कोत जूनमध्ये दिवसा १९-२० अंश आणि रात्री शून्याच्या आसपास असतं, आणि साध्या हॉटेलांत खोल्या तापवायची सोय नसते.

सोलापुरातून निघण्याआधी

पहिलं काम पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. पेरू पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथून परतताना भारतात प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि ते आयुष्यभर चालतं. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. त्यांची यादी केंद्रीय आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, त्यामुळे केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. फोन करून वार विचारा, मगच गाडीचं तिकीट काढा. मूळ पासपोर्ट बरोबर न्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना ही लस देत नाहीत. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेत असाल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. हे सगळं निघण्याच्या दीड-दोन महिने आधी उरका.

व्हिसा: पेरूचा दूतावास दिल्लीत आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशाचा किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, पैसे भरण्याआधी दूतावासाचं पान वाचा. भारतातून लिमाला थेट विमान नाही. युरोपातून, अमेरिकेतून किंवा अदिस अबाबा-साओ पाउलोमार्गे जावं लागतं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटाच्या मोहात हा मुद्दा सुटतो आणि माणूस मुंबईच्या काउंटरवरूनच परत फिरतो. युरोपातल्या विमानतळाचा नियमही त्या त्या देशाप्रमाणे तपासा.

मुंबईहून युरोपाची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ मे, ०१:५०' असेल तर विमानतळावर १४ मेच्या रात्री पोचायचं आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जायचं तर १३ च्या रात्री सोलापूर सोडा. १४ ला सकाळी मुंबई, दिवसभर कुणा नातेवाइकाकडे आराम, रात्री विमानतळ. १४ च्या रात्री गाडीत बसलात तर विमान गेलेलं असेल.

विमा घेताना दोन ओळी शोधा: किती उंचीपर्यंतची पायपीट त्यात धरली आहे, आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च देतात का. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत उंचीची मर्यादा बारीक अक्षरात असते.

सरावाचं म्हणाल तर सोलापूर सपाट. पण जिने आहेत. तीन महिने आधीपासून आठवड्यातून चार दिवस पहाटे जिने चढा-उतरा. पहिल्या महिन्यात रिकाम्या पाठीने, नंतर पाठीवर पाच-सहा किलो घेऊन. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला, तर शंभर मजले म्हणजे तीनशे मीटर. माचू पिच्चूशेजारचा वायना पिच्चू हा सुळका तेवढाच उंच चढतो. इंका पायवाटेच्या दुसऱ्या दिवशी मात्र 'मेलेल्या बाईची खिंड' लागते. तिथे ४,२१५ मीटरपर्यंत एका दमात हजार-बाराशे मीटर चढावं लागतं. उतरण्याचा सराव जास्त करा. इंकांच्या पायऱ्या उंच आणि असमान आहेत, आणि गुडघे बोलायला लागतात ते उतरताना. महिन्यातून एकदा राजगड किंवा तोरणा केलात तर उत्तम. याने पाय तयार होतात, उंचीची सवय मात्र होत नाही. तेवढी उंची महाराष्ट्रात कुठेच नाही.

सामान

सोलापुरी चादर घरी ठेवा. ती ऊबदार आहे, पण दीड-दोन किलो सुती वजन आहे आणि ओली झाली की जंगलात चार दिवस वाळत नाही. टेरी टॉवेलचं तेच. त्याऐवजी दोन पातळ पंचे घ्या; अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, बोटीत मानेवर टाकायला तेच पुरतात. अंगाला थरावर थर हवेत: आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामाने भिजली की वर थंडी भरते, म्हणून चालताना अंगालगत सुती कपडा नको. कानटोपी आणि हातमोजे कुस्कोच्या बाजारात छान आणि स्वस्त मिळतात, इथून नेऊ नका.

ऊन इथल्यासारखं चटके देत नाही, म्हणून फसायला होतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. थंड वाऱ्यात कळत नाही आणि संध्याकाळी नाक सोलून निघतं. उन्हाची सवय आहे हे सोलापूरकराने तिथे विसरावं. एसपीएफ ५० चं मलम दर दोन तासांनी, कानांच्या पाळ्यांनाही.

विजेचा दाब २२० व्होल्ट, त्यामुळे आपले चार्जर चालतात. गोल बारीक दोन पिनांचे बहुतेक ठिकाणी बसतातही. तरी एक अडॅप्टर असू द्या, कारण चपट्या पिनांची सॉकेटही दिसतात.

डॉलरच्या नोटा नेताना कोऱ्या न्या. जराशी फाटलेली, शाई लागलेली किंवा शिक्का असलेली नोट तिकडे घेत नाहीत, मग ती कितीही खरी असो. बाजारात आणि टॅक्सीत सुटे सोल, म्हणजे तिथलं चलन, लागतात, १०० ची नोट मोडून देत नाहीत.

विरळ हवा

पहिल्या दोन-तीन दिवसांत डोकं दुखणं, भूक न लागणं, मळमळ, झोप तुटणं, जिना चढताना धाप लागणं हे नेहमीचं. झोपेत श्वास मध्येच थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, त्यानेही घाबरू नका. दोन दिवस दारू नाही, जेवण हलकं, पाणी तीन लिटरच्या आसपास, झोपेची गोळी नाही. पेरूत जेवणाचं मोठं ताट दुपारी असतं. रात्री सूपवर भागवा, कारण वर पचन मंदावतं.

ॲसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टर बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा बेचव लागतो. हे त्या गोळीचेच परिणाम. गोळीची पहिली मात्रा सोलापुरातच घेऊन बघा. रक्तदाब आटोक्यात नसलेले, हृदयविकाराचे रुग्ण, सिकलसेलचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय हा बेतच करू नये. मधुमेहींनी ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन अंगालगतच्या खिशात ठेवावं. थंडीत यंत्र चुकीचा आकडा दाखवतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

खाली उतरण्याची वेळ ओळखायला दोन कसोट्या पुरतात. एक, जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा. दारू न पिता तोल जात असेल किंवा बोलणं बरळल्यासारखं येत असेल, तर मेंदूला सूज येते आहे. दोन, बसल्याजागी धाप लागते, खोकल्यातून फेस येतो, ओठ निळसर दिसतात, तर फुप्फुसात पाणी साठतं आहे. दोन्हींत 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही. प्राणवायू लावा आणि रात्र असली तरी गाडी करून खाली निघा. कुस्कोहून ओयांतायतांबोपर्यंत उतरलं तरी सहाशे मीटर कमी होतात, आणि तेवढ्याने फरक पडतो. साधी डोकेदुखी असेल तर आहे त्याच उंचीवर थांबा, ती जाईपर्यंत वर पाऊल टाकू नका.

हॉटेलात शिरल्याबरोबर कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. पेरूत तो कायदेशीर आहे, अनेकांना त्याने बरं वाटतं, प्यायला हरकत नाही. मात्र त्यानंतर काही दिवस लघवीच्या तपासणीत अंमली पदार्थ दिसू शकतो. ज्यांच्या नोकरीत तशी तपासणी होते त्यांनी टाळावा.

माचू पिच्चू: तिकीट, वाट आणि आतले नियम

तिकीट पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतं आणि ते तारीख, वेळ आणि मार्ग यांना बांधलेलं असतं. रोजच्या तिकिटांची मर्यादा एरवी ४,५०० आणि गर्दीच्या ठरावीक दिवशी ५,६०० अशी ठेवलेली आहे. २०२४ पासून तीन फेऱ्या आहेत. पहिली वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवरून जाते: सगळ्यांनी पाहिलेलं ते छायाचित्र मिळतं, पण वस्तीच्या आत जाता येत नाही. दुसरीत वरचं दृश्यही मिळतं आणि वस्तीतूनही फिरता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच घ्यावी, आणि तीच सगळ्यात आधी संपते. तिसरी खालच्या अंगाने जाते. वायना पिच्चूचं तिकीट या तिसरीला जोडलेलं आहे. म्हणजे सुळका चढायला मिळतो, पण ते प्रसिद्ध छायाचित्र मिळत नाही. लोक हे न वाचता सगळ्यात महाग तिकीट घेतात आणि मग फाटकावर वाद घालतात.

नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी पहिल्या नावाच्या रकान्यात असतं, कधी नसतं. जसं छापलं आहे तसंच. तिकीट काढल्यानंतर पासपोर्ट नवा केला असेल तर जुनाही बरोबर न्या. मेसाठी जानेवारीतच तिकीट काढा. राहिलंच तर आग्वास काल्येंतेसमध्ये दररोज एक हजार तिकिटं प्रत्यक्ष खिडकीवर देतात, पण त्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं आणि बहुधा पुढच्या दिवसाचं तिकीट मिळतं. म्हणजे एक रात्र जादा धरा.

आग्वास काल्येंतेसला गाडीरस्ता नाही. ओयांतायतांबोहून आगगाडी पावणेदोन तासांत पोचवते. गाडीत लहान बॅगच चालते, मोठी बॅग ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवून जा. दुसरी वाट कुस्कोहून व्हॅनने सहा-सात तास करत इद्रोएलेक्त्रिका या वीजकेंद्रापर्यंत, आणि तिथून रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालत. पैसे वाचतात, पण घाटरस्ता अरुंद आहे आणि पावसाळ्यात दरडींमुळे धोक्याचा. घरची मंडळी बरोबर असतील तर आगगाडीच. पायथ्यापासून फाटकापर्यंत बस पाऊण तासाच्या आत नेते. चालत दीड तास, सगळ्या पायऱ्या.

आत स्वच्छतागृह नाही, ते फाटकाबाहेर आहे, आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत. ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी, छत्री, तिपाई, डबा, रबरी टोपण नसलेली काठी, सगळं बाहेर ठेवायला लावतात. हा कडकपणा उगाच नाही. २००० साली जाहिरातीच्या चित्रीकरणात क्रेन पडून इंतिवाताना या शिळेचा कोपरा तुटला. बारीक काळ्या माश्या पायांना चावून आठवडाभर खाज ठेवतात, त्यामुळे अर्धी पँट नको.

बघताना भिंतींइतकंच शेतांकडे बघा. इथे वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूरच्या दुपटीहून जास्त, तोही तीव्र उतारावर. तरी पाचशे-सहाशे वर्षांत डोंगर सरकला नाही, कारण प्रत्येक पायरीच्या पोटात तळाला मोठे दगड, त्यावर खडी-वाळू आणि वर सुपीक माती असे थर आहेत. पाणी साचत नाही, झिरपून निघून जातं. बांधबंदिस्तीची जाण असलेल्या शेतकऱ्याला हे वाटाड्यापेक्षा आधी दिसेल.

कुस्को आणि भोवतालचे अवशेष

साक्सायवामान, पिसाक, ओयांतायतांबो, मोराय, चिंचेरो यांसाठी एकच 'बोलेतो तुरिस्तिको' हे जोडतिकीट आहे. दहा दिवस चालतं, सोळा ठिकाणं. ओयांतायतांबोला पहिल्या फाटकावरच ते घ्या, कारण बहुतेक ठिकाणी सुटं तिकीट मिळतच नाही. माचू पिच्चू, कोरिकांचा आणि मारासची मिठागरं यात येत नाहीत.

कोरिकांचा चुकवू नका. सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती उभ्या राहिल्या. त्या आत कललेल्या आहेत, दारं खाली रुंद आणि वर अरुंद आहेत, दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवले आहेत. हलल्यावर ते थोडे सरकतात आणि परत जागेवर बसतात. साक्सायवामानला याच पद्धतीचे शंभर टनांच्या पुढचे दगड दिसतात. पिसाकला मात्र टॅक्सीने वर जा आणि अवशेषांमधून गावात उतरत या. उलटं केलं तर अर्धा दिवस नुसती दमछाक.

जंगल

पुएर्तो माल्दोनादोला कुस्कोहून विमान तासाच्या आत, बस दहा तास. तिथून बोटीने तांबोपाता राखीव जंगलातल्या लॉजवर. शहराजवळचं दोन रात्रींचं स्वस्त लॉज घेऊ नका; तिथे बोटींचा आवाज जास्त, प्राणी कमी. नदीच्या वरच्या अंगाला, 'कोल्पा'च्या जवळचं, किमान तीन रात्रींचं घ्या. कोल्पा म्हणजे नदीकाठचा मातीचा कडा. पहाटे मकाव आणि पोपट शेकड्याने येऊन तिथली माती खातात. पावसाच्या सकाळी ते येत नाहीत, म्हणून हाताशी दोन पहाटा हव्यात. सांदोवाल तळ्यावर महाकाय पाणमांजरं दिसू शकतात. दुर्बीण ८ × ४२ ची, आणि प्रत्येकाला वेगळी; एका दुर्बिणीत चार जणांचं भागत नाही.

डासांसाठी २५-३० टक्के डीईईटी असलेलं औषध घ्या. आधी उन्हाचं मलम, पंधरा मिनिटांनी हे. ते प्लास्टिक विरघळवतं, त्यामुळे चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाचा पट्टा जपा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. डॉक्सीसायक्लिन दिली तर परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, आणि तीच लोक मध्येच सोडतात. वाळूमाशीच्या चाव्यातून लेश्मानियासिस हा त्वचेचा आजार होतो. महिन्याभरात न भरणारी जखम राहिली तर इथल्या त्वचारोगतज्ज्ञाला 'ॲमेझॉनात गेलो होतो' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

गमबूट लॉजवर मिळतात, पण पाय फार मोठा किंवा फार लहान असेल तर आधी कळवा. सकाळी बूट उलटे करून झटका. झाडाला टेकायचं नाही, कठड्यासारखा आधार घ्यायचा नाही. तांगाराना या झाडाच्या पोकळ खोडात मुंग्या राहतात आणि हात लागताच शेकड्याने बाहेर पडतात. कॅमेरा आणि मोबाइल सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत. लॉजवर वीज दिवसातून काही तासच असते.

मे ते सप्टेंबरमध्ये कधी कधी दक्षिणेकडून 'फ्रियाहे' ही थंडीची लाट घुसते आणि तीस-बत्तीस अंशांचं जंगल एका रात्रीत पंधराच्याही खाली येतं. जंगल म्हणून फ्लीस लिमाला पाठवून दिलं, की बोटीत कुडकुडणं आलं.

या भागात सोन्याच्या बेकायदा खाणींमुळे नद्यांत पारा मिसळलेला आहे. २०१६ मध्ये सरकारने त्यासाठी आणीबाणी जाहीर केली होती. मासे खाणाऱ्यांनी नदीतले मोठे शिकारी मासे टाळावेत. अयाहुआस्का या भ्रम निर्माण करणाऱ्या पेयाच्या 'विधीं'चं आमंत्रण कुठेही मिळेल. नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते पेय जिवावर बेतू शकतं. इतरांनीही अनोळखी ठिकाणी त्यापासून लांबच राहावं.

शाकाहारी माणसाचं पोट

बटाटे, मका, किनोआ, अंडी, चीज आणि फळं यांवर आरामात निभतं. अडचण सूपची आहे. वर भाज्या तरंगत असतात आणि खाली कोंबडीचा रस्सा असतो. नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो', म्हणजे मांस, कोंबडी, मासे आणि कोंबडीचा रस्सा नको, एवढं कागदावर लिहून दाखवा. नळाचं पाणी पिऊ नका. कुस्कोत पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उकळी फुटल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवा.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा प्रवासाला केलेलाच माल आहे. चटणी सीलबंद पाकिटातली घ्या आणि उतरताना अर्जावर खाद्यपदार्थ असल्याचं खरं लिहा. ताजी फळं, कच्चं बियाणं आणि घरचं तूप नको. शेंगदाणा मुळात त्याच खंडातला. उत्तर पेरूत सिपान इथे १९८७ मध्ये सापडलेल्या, प्राचीन मोचे संस्कृतीतल्या राजाच्या थडग्यात सोन्या-चांदीच्या शेंगांचा हार होता. म्हणजे चटणी माहेरी चालली आहे, फक्त लसूण-मिरची चोळून. मिरचीही तिकडचीच म्हणा.

परतताना

कोकाचा चहा, पानं, गोळ्या, पीठ, यातलं काहीही बॅगेत राहू देऊ नका. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान येतं, आणि 'हॉटेलात फुकट मिळालं' हे सीमाशुल्कवाले ऐकून घेत नाहीत. युरोप-अमेरिकेच्या विमानतळावरही तेच. सगळे खिसे, टॉयलेटरीची थैली, मुलांच्या दप्तराचे कप्पे लिमालाच रिकामे करून तपासा. हॉटेलवाले उशीवर ठेवतात ती पाकिटं तिथेच सापडतात. पीतज्वराचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या आत, हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईला उतरल्यावर ते आरोग्य तपासणीच्या टेबलावर मागतात, आणि ते टेबल बॅगांच्या पट्ट्याच्या अलीकडे असतं.